पाचवीच्या पाटावर

गुरुवारी सकाळची आरती चालू होती आणि स्वयंपाकघराच्या भिंतीतून आवाज आला, "कालिंदी यांची साखर वाढत आहे."

सासूबाईंच्या टाळ्या थांबल्या. बाहेरच्या खोलीत प्रसन्नचा फोन तेच वाक्य बोलला, माडीवर केदारभाऊजींचाही बोलला. माझ्या रक्तातली बातमी घरात सगळ्यांना एकदमच कळायची.

सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग नैवेद्याच्या वाटीकडे. दूध, साखर आणि वर थोडे बेदाणे. ठेवलं होतं तसंच होतं. मी आरती पुरी केली. देवासमोर घाई करायला मला जमत नाही आणि मोठ्यानं बोलायलाही. त्यामुळे लोकांना वाटतं, हिला काही म्हणायचंच नसतं.

"मी काही खाल्लेलं नाही, आई," मी म्हटलं. "अजून पाणीसुद्धा घेतलं नाही."

"मग यंत्र खोटं बोलतं होय?"

यंत्र खोटं बोलत नव्हतं. मीही नव्हते. पण दंडावर चिकटवलेल्या त्या रुपयाएवढ्या चकतीचा शब्द आमच्या घरात माझ्या शब्दापेक्षा जड झाला होता, आणि त्याला कारण होतं.

आम्ही तासगावचे, बेदाण्याच्या व्यापारातले. सासरे गेल्यावर कोल्ड स्टोरेज प्रसन्न आणि केदारभाऊजी बघतात. घरात बाराही महिने बेदाण्याचा वास. अशा घरात मला सहाव्या महिन्यात गरोदरपणाचा मधुमेह निघाला. आमच्या आयांच्या वेळी असतं तर डॉक्टरांनी पथ्य सांगितलं असतं, बोटाला सुई टोचून तपासायला सांगितलं असतं आणि बाळंतपणानंतर सगळे विसरून गेले असते. पण आता गर्भलेख आला होता.

तो शोध चांगल्या मनानं लावलेला होता, हे आधी सांगते. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते. आईचं इन्शुलिन जात नाही. मग बाळाचं इवलंसं स्वादुपिंड जास्तीचं इन्शुलिन करायला लागतं, बाळ वाजवीपेक्षा जास्त भरतं, आणि नाळ कापल्यावर त्याची स्वतःची साखर एकदम खाली जाते. एवढं जुन्या डॉक्टरांनाही माहीत होतं. नवं कळलं ते असं, की त्या महिन्यांत बाळाच्या जनुकांवर बारीक रासायनिक खुणा बसतात. आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हजारो बॉक्स असतात. आतला माल बदलत नाही, पण बाहेर कुठली चिठ्ठी आहे त्यावरून ठरतं, हा आज उघडायचा आणि हा मागं ठेवायचा. तसंच. जनुक तेच, चिठ्ठी वेगळी. अशा शेकडो चिठ्ठ्या एकत्र वाचल्या, तर पोटात असताना आईची साखर कशी होती याचा अंदाज बांधता येतो. पार मोठ्या झालेल्या माणसाच्या रक्तातूनही येतो. हाच गर्भलेख.

ज्या मुलांना पुढे मधुमेहाचा धोका, ती लवकर ओळखावीत आणि जपावीत, एवढाच हेतू होता. पण थेंबभर रक्तात माणसाची आई वाचता येते म्हटल्यावर हेतूपाशी कोण थांबतं? विमा कंपन्यांनी तो रिपोर्ट मागायला सुरुवात केली. मग बड्या नोकऱ्यांनी. मग वधूवर सूचक मंडळांनी पत्रिकेशेजारी एक रकाना काढला. हिरवा, पिवळा, लाल. रिपोर्टवर मुलाचं नाव आणि खाली आईचं. बापाचं कुठेही नाही.

केदारभाऊजींचा लाल आला होता. साखरपुडा झालेला, हॉल ठरलेला, आणि मुलीकडच्यांनी निरोप पाठवला. त्या संध्याकाळी ते माडीवरून खाली आले आणि सगळ्यांसमोर आईला म्हणाले, "तू खाल्लंस आणि मी भोगतोय."

सासूबाईंनी नाकारलं नाही. केदारच्या वेळी त्यांना डोहाळेच बेदाण्याचे लागले होते. कोठीत बसून मूठ-मूठ खायच्या, आणि त्यांच्या सासूबाई कौतुकानं आणखी आणून द्यायच्या. त्यांची साखर तेव्हा कुणी पाहिलीच नाही. भाऊजी तेवढं बोलले आणि नंतर आईशी कामापुरतंच बोलायला लागले. त्या दिवसापासून सासूबाईंनी एकही बेदाणा तोंडात घातला नाही. दिवसभर हातानं निवडायच्या, प्रतवारी लावायच्या, नैवेद्याला मोजके काढून द्यायच्या. खायच्या नाहीत. म्हणून त्या माझ्या वाटीकडे तशा बघायच्या. त्यांना माझा राग नव्हता. या घरात एक तरी हिरवा यावा म्हणून त्यांचा जीव टांगलेला होता.

मिरजेच्या डॉ. नसरीन मुल्लांना मी गुरुवारची गोष्ट सांगितली. त्यांनी चकतीचे आकडे पडद्यावर पाहिले. त्या म्हणाल्या, पहाटे शरीर आपणहून साखर सोडतं, माणसाला जागं करायला. एरवी इन्शुलिन ती आवरतं. गरोदरपणी वारेतून निघणारे हार्मोन इन्शुलिनला आडवे येतात, त्यात तू संध्याकाळी लवकर जेवतेस आणि सकाळी उशिरापर्यंत उपाशी असतेस, म्हणून ती चढते. मग त्यांनी विचारलं, इतका वेळ उपाशी का?

मी नेम सांगितला. लग्नाआधीपासूनचा आहे. पूजा आणि पोथीचा अध्याय झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. गुरुवार आणि संकष्टी हे उपवास वेगळे. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

त्या हसल्या नाहीत. "मी रोजे धरते," त्या म्हणाल्या. "माझी दोन्ही मुलं पोटात होती तेव्हा नाही धरले. नंतर सगळे भरून काढले. तुझ्या देवाचं तू बघ, कालिंदी. मी फक्त साखरेचं सांगते. फार वेळ रिकामं राहायचं नाही, आणि एकदम भरायचं नाही."

घरी येताना बसमध्ये मी विचार केला. नेम मोडणं मला शक्य नव्हतं. मी एकदा धरलेली गोष्ट सोडत नाही, हा माझा गुण म्हणा की खोड. पण बाळाला ताटकळत ठेवून धरलेला नेम देवाला तरी कशाला हवा? मी नेम ठेवला आणि त्याची वेळ हलवली. आता पूजा उजाडायच्या आत. रात्री निजण्यापूर्वी कपभर दूध आणि थोडे बदाम. आणि नैवेद्याला मोड आलेली मटकी.

सासूबाईंनी वाटीत पाहून विचारलं, "देवाला उसळ?"

"कच्चीच आहे, आई. मीठही नाही."

"अगं पण देवाला गोड लागतं."

"त्याला इतकी वर्षं गोड दिलं. तीन महिने माझ्याबरोबर पथ्य करील."

त्यांना हसू आलं आणि त्यांनी ते पदरात लपवलं.

संकष्टीला साबुदाणा, भगर, बटाटा, रताळं सगळं बंद. एकादशी आणि दुप्पट खाशी, असं उगाच नाही म्हणत; उपासाच्या फराळाची पोटात साखरच होते. मी दही, काकडी, मूठभर शेंगदाणे आणि राजगिऱ्याची एक लहान भाकरी, असं दिवसभर थोडं थोडं खाल्लं आणि चंद्र पाहून उपास सोडला. भिंत दिवसभर गप्प होती. जेवणानंतर चालायला सांगितलं होतं, कारण चालताना स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न बघता उचलतात. रस्त्यावर ट्रक आणि धूळ. म्हणून मी परसातल्या औदुंबराला प्रदक्षिणा घालायला लागले. दर जेवणानंतर, नामस्मरण करत. महिन्याभरात झाडाभोवती पायवाट पडली. प्रसन्न म्हणाला, दत्तमहाराजांना वाटेल ही बाई काहीतरी मोठं मागणार.

मी काहीच मागत नव्हते. साखर जागेवर राहावी, बाळ नीट यावं, एवढंच. आणि ते मी करत होते.

आठव्या महिन्यात तरीही सकाळची साखर खाली येईना. डॉक्टरांनी रात्रीचं इन्शुलिन सुरू केलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे नापास होणं नव्हे. वार मोठी झाली, तिचे हार्मोन वाढले, शरीराला मदत हवी आहे. मी रोज रात्री देवाचं नाव घेऊन मांडीत सुई टोचायचे. प्रसन्नला मात्र ती सुई बघवत नव्हती. तो आकडे बघायचा, परत परत. त्यानं गाडीत चोरून गोड खायचंही सोडलं, माझ्याबरोबर भाकरी खायला लागला, सगळं प्रेमानं. तरी त्याच्या डोळ्यांपुढे मी नव्हते, तो रकाना होता.

मग डोहाळजेवण आलं. माजघरात बायका, हिरवी साडी, फुलांची वाडी. ताटात सगळं होतं. मी आधी कोशिंबीर, मग उसळ खाल्ली आणि शेवटी पुरणपोळीचा चतकोर, तूप लावून. डॉक्टरांना विचारून. माझ्या आईनं पहाटे उठून केलेली पोळी होती ती.

ओटीचं गाणं चालू असताना भिंत बोलली.

गाणं थांबलं. सगळ्या बायकांनी आधी माझ्या तोंडाकडे आणि मग ताटाकडे पाहिलं. प्रसन्नच्या आत्याबाई हळहळून म्हणाल्या, "अगं, एवढ्यासाठी बाळाला लाल कशाला करतेस?" पलीकडे माझी आई हातातलं पोळ्यांचं ताट कुठे लपवावं अशी उभी होती. आणि सासूबाई खाली बघत होत्या. बत्तीस वर्षांपूर्वी कोठीत बसलेल्या त्या बाईला तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं.

मी उठले. भिंतीपाशी गेले आणि माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, "आजपासून माझी साखर फक्त मला सांगायची. आणि डॉक्टरांना."

भिंतीनं विचारलं, कुटुंबातील सर्व सदस्य वगळायचे आहेत का? मी हो म्हटलं. बाहेर पुरुषांच्या पंगतीत प्रसन्नचा फोन टुणकन वाजून गप्प झाला. मी परत पाटावर येऊन बसले आणि उरलेला घास खाल्ला. मग बायकांना म्हटलं, ओटीचं गाणं अर्धं राहिलंय. आणि मग औदुंबराकडे गेले. तासाभरानं चकतीनं आकडा दाखवला, तो मला बघायचा होता तेवढाच होता. तो मी कुणाला सांगितला नाही.

त्या रात्री प्रसन्न रुसून बसला. मी त्याचं ऐकून घेतलं, पण मान्य केलं नाही.

मुलगी झाली. वजन बेताचं, रंग सावळा, आवाज माझ्यावर अजिबात न गेलेला. पहिल्या दिवशी तिची साखर जरा कमी भरली, तिला चीक पाजला, ती वर आली. त्यासाठी तिच्या टाचेला दर काही तासांनी टोचत होते. तेव्हा मी स्वतः तिचा पाय धरला. जे तिच्यासाठी होतं त्याला मी एकदाही नाही म्हटलं नाही.

घरी निघताना डॉक्टरांनी एक पांढरं कार्ड दिलं. जाड टीपकागदाचं, त्यावर रक्ताचे थेंब टिपायला लहान वर्तुळं. गर्भलेखाचं. पहिल्या आठवड्यात खुणा सर्वांत स्पष्ट असतात, म्हणून आरोग्य केंद्राची सिस्टर घरी येऊन थेंब घेते. सक्ती नाही. पण आठवड्यात नोंद झाली नाही तर विमा कंपन्या त्या मुलाला लालच धरतात, नंतर काढलेला रिपोर्ट मानत नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

"हिरवा येईल का?" मी विचारलं.

"बहुतेक येईल," डॉक्टर म्हणाल्या. "पण तो अंदाजच. बापाकडून काय आलं, आजीकडून काय आलं, तू किती झोपलीस, काळजी किती केलीस, सगळं त्यात मिसळलेलं असतं. वेगळं काढून कुणी दाखवू शकत नाही."

"मग खाली नाव फक्त आईचं का?"

त्यांनी बाळाच्या टोपीची नाडी नीट बांधली.

आमच्याकडे पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. सुवेर असतं, त्यामुळे देवघर मला बंद. माझा नेम त्या दिवसांत मनातल्या मनात चालतो. सटवाई तेवढी सुवेरातच येते, बाळाच्या कपाळावर लिहायला. पाटावर वरवंटा ठेवायचा, त्याला हळदकुंकू, समोर दिवा, आणि शेजारी कोरा कागद आणि लेखणी. ती लिहिते ते कुणी वाचायचं नसतं. वाचता येतही नाही. आईलासुद्धा नाही.

दिवेलागणीला सासूबाई पाट मांडत होत्या. नैवेद्याच्या वाटीत बेदाणे होते. प्रसन्न कार्ड घेऊन आला. सिस्टर निघालीय म्हणाला. मी मुलीला मांडीवर घेतलं होतं. मी त्याला सांगितलं, थेंब द्यायचा नाही.

तो चिडला नाही, ते जास्त कठीण होतं. तो माझ्यासमोर खाली बसला. "कालिंदी, तू किती केलंस ते मी पाहिलंय. हिरवाच येणार. तुझ्या कष्टाची ती पावती आहे. आणि नाही दिला तर तिला लाल धरतील. जन्मभर. तू मिळवलेलं तूच तिच्याकडून काढून घेतेस."

त्यात खोटं काहीच नव्हतं. मुलगी माझं बोट धरून झोपली होती. तिच्या वाट्याला एक सोपी वाट येत होती आणि ती मी बंद करत होते. मला ते कळत होतं.

"मी साखर सांभाळली ती हिच्यासाठी," मी म्हटलं. "पावतीसाठी नाही. हिचा हिरवा लागला की काय होईल, प्रसन्न? लोक म्हणतील, बघा, मनात आणलं तर जमतं. म्हणजे ज्यांना जमलं नाही त्यांनी मनात आणलं नाही. माझ्या हिरव्यानं आईंचा लाल पक्का होतो. त्यांना चकती नव्हती, डॉक्टर नव्हते, कुणी सांगणारं नव्हतं. त्यांना भूक लागली होती आणि घरात बेदाणे होते."

जिन्यात पाऊल थांबल्याचा आवाज आला. केदारभाऊजी खाली येता येता तिथेच उभे राहिले होते.

"आणि उद्या ही मोठी झाली," मी पुढं म्हटलं, "हिला दिवस राहिले, आणि हिचं शरीर नाही ऐकलं तर? तेव्हा हिच्या कुशीत कोण डोकावणार?"

प्रसन्ननं कार्डाकडे पाहिलं. त्यानं ते आपणहून माझ्याकडे दिलं नाही, पण मी हात पुढे केला तेव्हा सोडलं.

मी पाटावरचा कोरा कागद उचलला आणि त्याच्या जागी ते कार्ड ठेवलं. सासूबाईंनी लेखणी उचलली, पदरानं पुसली आणि कार्डावर आडवी ठेवली.

सिस्टर आली ती घाईतच. पाट बघून तिनं चपला बाहेर काढल्या, आत येऊन नमस्कार केला. मी तिला हळदकुंकू लावायला सासूबाईंना सांगितलं.

"कार्ड, ताई?"

"ते सटवाईपुढे आहे. तिथेच राहू दे. थेंब द्यायचा नाही."

तिनं नोंदी भरायची पडद्याची पाटी काढली. "कारण भरावं लागतं. आई आजारी, बाळ आजारी, घर बंद. काय घालू?"

"आई नाही म्हणाली, असं घाला."

"असं कारण यात नाही हो."

"मग कोरं सोडा."

"कोरं घेत नाही हे. मला उद्या परत पाठवील. परवा परत. आठवडा संपेपर्यंत."

"मग रोज या," मी म्हटलं. "चहा घेऊन जात जा. मी रोज नाही म्हणेन. रोज एकच गोष्ट करायची मला सवय आहे."

सिस्टर हसली आणि तिनं पाटी पिशवीत घातली. सासूबाईंनी तिला प्रसाद दिला, प्रसन्नला दिला. केदारभाऊजी खाली येऊन उभे होते. त्यांनी हात पुढे केला नाही. त्यांनी वाटीच आईच्या हातातून घेतली आणि तिच्यासमोर धरली. सासूबाईंनी वाटीकडे पाहिलं. घेतलं नाही. पण वाटी कोठीत परत गेली नाही, त्यांच्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आली. मी नाही म्हटलं.

तिसऱ्या दिवशी मी मुलीला पाजत होते, म्हणून दार सासूबाईंनी उघडलं. मला खोलीतून ऐकू आलं. सिस्टरनं विचारलं, आणि त्या हळू आवाजात, अगदी माझ्यासारख्या, म्हणाल्या, "नाही."

शब्द जरा जाड आला. तोंडात बेदाणा होता.